अगस्त्य दिसतोय का?

फोनच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये ‘तारे’ किंवा ‘आकाश’ शोधायला गेलं की समोर ढीग येतो. त्यात राशिभविष्य सांगणारी अ‍ॅप असतात, पडद्यावर चमचमती आकाशगंगा लावून देणारी असतात, आणि मधूनच खरोखर खगोलशास्त्राची असतात. संगणकाकडे वळलं तर गर्दी कमी, पण नावं अनोळखी: स्टेलॅरियम, सेलेस्टिया, केस्टार्स, कार्त द्यू सिएल. यातली सगळी फुकट आहेत, त्यामुळे पैशांचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो हौस टिकण्याचा. नवशिका दहा वर्षांचा असो की सत्तरीचा, पहिल्या दोन-तीन रात्रींत पडद्यावर एक आणि डोक्यावर भलतंच दिसलं, तर लॅपटॉप मिटतो तो मिटतोच.

म्हणून ‘सगळ्यांत चांगलं कोणतं’ हे विचारण्याआधी एक परीक्षा घ्या. फेब्रुवारीतली रात्रीची नऊ-दहाची वेळ लावा, गाव पुणे ठेवा आणि दक्षिणेकडे बघा. अगस्त्य दिसतोय का?

अगस्त्य हा रात्रीच्या आकाशातला व्याधाच्या खालोखाल तेजस्वी तारा. पुण्यातून तो दक्षिण क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांपर्यंत चढतो. हात लांब केला की मूठ साधारण १० अंशांची भरते, म्हणजे दोन मुठींनाही थोडा कमीच. गंमत अशी की पुण्याचा अक्षांश साडेअठरा असल्यामुळे उत्तरेला ध्रुवही जवळजवळ तेवढ्याच उंचीवर असतो. मोकळ्या गच्चीवर उभं राहिलं तर फेब्रुवारीच्या त्या वेळी एका हाताला ध्रुव, दुसऱ्या हाताला अगस्त्य, दोघे सारख्याच उंचीवर.

आता गाव बदलून पॅरिस करा. ध्रुव एकदम ४९ अंशांवर चढतो आणि अगस्त्य गायब होतो. त्या रात्रीपुरता नाही. पॅरिसच्या क्षितिजावर तो कधीच उगवत नाही. सप्तर्षींचंही तसंच. युरोपातल्या पुस्तकांत सप्तर्षी कधी मावळत नाहीत असं लिहिलेलं असतं, आणि त्यांच्यापुरतं ते खरं आहे. महाराष्ट्रात ध्रुव इतका खाली असतो की सप्तर्षी सगळेच्या सगळे मावळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्यांना शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. तेव्हा उत्तरेला शर्मिष्ठा चढलेली असते आणि ध्रुव तिच्यावरून शोधावा लागतो.

हे सांगायचं कारण म्हणजे आकाश दाखवणारी बहुतेक सॉफ्टवेअर युरोप-अमेरिकेत लिहिली गेली आहेत. त्यांचं गणित चुकत नाही, पण सुरुवातीची मांडणी त्यांच्या गावची असते. स्टेलॅरियम पहिल्यांदा उघडल्यावर इंटरनेटच्या जोडणीवरून तुमच्या जागेचा अंदाज बांधतं, आणि तो बांधता आला नाही तर सरळ पॅरिस धरतं. पडद्याच्या तळाशी जी हिरवळ आणि झाडं दिसतात, तीही गेरँ नावाच्या एका फ्रेंच गावातली. अंदाज बांधला गेला तरी तो बरोबर असेलच असं नाही. तुम्ही गडचिरोलीत आणि सॉफ्टवेअरला वाटतंय मुंबईत, असं झालं तर तारे उगवण्या-मावळण्याच्या वेळा जवळपास अर्ध्या तासाने हलतात. म्हणून पहिलं काम एकच: एफ-६ दाबून जागेची खिडकी उघडायची आणि आपलं गाव स्वतः भरायचं. गाव यादीत नसेल तर अक्षांश-रेखांश टाकायचे.

दिवसा खात्री करायची असेल तर शून्य सावलीचा दिवस घ्या. मेच्या १३-१४ तारखेला पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो. सॉफ्टवेअरमध्ये त्या वेळी सूर्यावर टिचकी मारली की उंची ९० अंशांच्या अगदी जवळ दिसायला हवी. मग घरातल्या पोराने अंगणात बाटली उभी करून तिची सावली नाहीशी होताना बघावी.

नवशिक्या घराने सुरुवात स्टेलॅरियमनेच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. फाबियाँ शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली ते लिहायला घेतलं, आणि नंतर देशोदेशींच्या हौशी लोकांनी वाढवलं. आवृत्तीला ‘एक’ हा आकडा द्यायला या मंडळींनी ऑक्टोबर २०२२ उजाडू दिला. स्वतःचं कौतुक इतकं लांबवणारी माणसं सॉफ्टवेअरच्या धंद्यात विरळाच. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. एकदा उतरवून घेतलं की ताऱ्या-ग्रहांसाठी इंटरनेट लागत नाही, आणि रेंज नसलेल्या खेड्यात, म्हणजे जिथे आकाश खरं चांगलं असतं तिथे, हा मोठा फायदा आहे. धूमकेतू आणि कृत्रिम उपग्रहांची माहिती मात्र अधूनमधून ताजी करावी लागते, कारण त्यांच्या कक्षा बदलत राहतात.

फुकट म्हटल्यावर मनात शंका येते, आणि ती यायलाच हवी. स्टेलॅरियमचा सगळा कोड उघडा आहे; कोणीही तो वाचू शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो. त्यात जाहिराती नाहीत, आणि अमुक ग्रह बघायला पैसे भरा अशी अडवणूकही नाही. फोनवरच्या बऱ्याच ‘फुकट’ अ‍ॅपची गोष्ट वेगळी असते. तिथे दार उघडं, पण आतल्या खोल्यांना कुलूप. स्टेलॅरियमच्याच मोबाइल आवृत्तीत काही सोयी पैसे भरून मिळतात. संगणकावरचं मात्र पूर्ण मोकळं आहे. ते उतरवून घेताना त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. शोधयंत्रात वर-वर येणाऱ्या, मोठं हिरवं बटण दाखवणाऱ्या दुसऱ्या ठिकाणांहून आकाशाबरोबर आणखी काय काय घरात येईल, याचा भरवसा नाही.

गाव भरून झालं की दुसरं काम येतं, आणि त्याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. पडदा फार उदार असतो. स्टेलॅरियमच्या मूळ यादीतच सहा लाखांहून जास्त तारे आहेत, आणि हवे तर आणखी कोट्यवधी जोडता येतात. अगदी काळ्याकुट्ट रात्री नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसतात. पुण्या-मुंबईच्या गच्चीवर कित्येकदा शंभरही भरत नाहीत. पडद्यावर आकाशगंगेचा पट्टा बघून वर आलेल्या मुलाला डोक्यावर पिवळट धुरकट झाकण दिसलं, तर आपलंच काहीतरी चुकलं असं त्याला वाटतं.

उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे. आकाशाच्या सेटिंगमध्ये प्रकाश प्रदूषणाची पातळी ठरवता येते. त्यासाठी जी मोजपट्टी सगळीकडे वापरतात ती जॉन बॉर्टल या अमेरिकन निरीक्षकाने २००१ साली मांडली: १ म्हणजे निखळ काळोख, ९ म्हणजे महानगराचा मध्य. शहरात राहत असाल तर निःसंकोच ८ किंवा ९ लावा. पडद्यावरचे तारे भराभर विझतील आणि मोजके उरतील: मृगाची चौकट, व्याध, रोहिणी, ब्रह्महृदय, पुनर्वसू. हेच गच्चीवरून दिसणार आहेत, आणि शिकायला हेच पुरे आहेत. पुढे कधी वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभराच्या आकाशदर्शनाला जायचं ठरलं की तोच आकडा खाली आणून काय काय जास्त दिसेल ते आधी बघून ठेवता येतं.

समोरची इमारत आणि पाण्याची टाकीही सॉफ्टवेअरला सांगता येते. ज्या घरात सातवी-आठवीतलं मूल आहे त्यांनी हा उद्योग जरूर करावा. स्टेलॅरियमला आपल्या क्षितिजाची आकृती साध्या मजकुराच्या फाइलमधून देता येते: अमुक दिशेला अडथळा इतके अंश उंच, तमुक दिशेला इतके. कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधलेला एखादा नट एवढ्यावर ही मोजणी होते. गच्चीवर फिरून दर वीस-तीस अंशांना उंची टिपायची आणि फाइल बनवायची. मग अगस्त्य टाकीच्या वर येतो की मागेच राहतो, ते पडद्यावर आधीच कळतं. शिवाय दिशा आणि उंची या दोन आकड्यांत आकाशातली कुठलीही जागा सांगता येते, हे त्या मुलाला पुस्तकाशिवाय समजलेलं असतं.

तारकासमूह जोडणाऱ्या रेषा ‘सी’ या बटणाने येतात, नावं ‘व्ही’ने आणि चित्रं ‘आर’ने. सुरुवातीला चित्रं बंदच ठेवा, कारण ती ग्रीक कथांची असतात. आपण ज्याला मृग म्हणतो तिथे पडद्यावर गदा उगारलेला शिकारी उभा राहतो. आपल्या कथेत तो पळणारा हरीण, मधले तीन तारे त्याच्या अंगात रुतलेला बाण, आणि तो मारणारा व्याध मागे थोडा खाली. वेगवेगळ्या संस्कृतींची आकाशं निवडायची सोय स्टेलॅरियममध्ये आहे, आणि भारतीय नक्षत्रांचा संचही आहे. नवा संच कोणीही तयार करू शकतो. विदर्भातल्या गोंडांच्या आकाशकथा टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवल्या आहेत. त्यांत सप्तर्षींचे चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आणि शेपटाचे तीन म्हणजे चोर. घरातल्या आजीला अशी गोष्ट ठाऊक असेल तर ती सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याही चित्रापेक्षा मोलाची आहे. आधी ती लिहून घ्या.

वेळ पुढे-मागे नेणं हे या सॉफ्टवेअरचं खरं बळ. ‘एल’ दाबत गेलं की काळ वेगाने पळतो, ‘जे’ने तो मंदावतो किंवा उलटा फिरतो, आणि ‘८’ दाबलं की आताच्या क्षणाला परत. कालनिर्णय हातात घेऊन कार्तिकी पौर्णिमेची तारीख लावा. चंद्र कृत्तिकांच्या आसपास असेल. कधी अलीकडे भरणीत, कधी पलीकडे रोहिणीजवळ. मग मार्गशीर्षाची पौर्णिमा लावा, चंद्र मृगाच्या डोक्याकडे सरकलेला असेल. माघात मघा, चैत्रात चित्रा. महिन्यांची नावं पाठ असलेल्या घरातही ती आकाशावरून आली आहेत हे बरेचदा कोणी बघितलेलं नसतं. पंधरा मिनिटांचा खेळ आहे, आणि आजी-आजोबा यात नातवंडांच्या पुढे असतात.

लांबचा प्रवास करायचा असेल तर विजयदुर्गला जा. जागा १६.५६ उत्तर, ७३.३३ पूर्व, तारीख १८ ऑगस्ट १८६८, वेळ सकाळची. सूर्य हळूहळू झाकला जातो, खग्रास होतो, आणि भोवतीचे ग्रह दिसू लागतात. हेलियमच्या शोधाशी जोडलं गेलेलं ते हेच ग्रहण. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवून इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तिथूनच ग्रहण बघत होता असं कौतुकाने सांगितलं जातं. लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हता. भारतात होता तो फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन, आणि तोही गुंटूरला. लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून, ग्रहण नसताना पाहिली. सॉफ्टवेअर विजयदुर्गचं ग्रहण अगदी बरोबर दाखवतं; ओट्यावर कोण बसलं होतं हे त्याला विचारून उपयोग नाही. टिळकांच्या १८९३ सालच्या ‘ओरायन’ ग्रंथाचंही तसंच. इ.स.पू. ४००० पर्यंत मागे गेलात तर वसंतसंपात मृगाच्या डोक्याजवळ सरकलेला दिसतो, आणि टिळकांच्या मांडणीचा खगोलीय पाया पडद्यावर समजतो. वेदांतल्या ऋचा तेव्हाच रचल्या गेल्या का, हा वाद मात्र आकाशातून सुटत नाही.

आता फोनबद्दल, कारण गच्चीवर लॅपटॉप कोण नेणार? अँड्रॉइडवर स्काय मॅप हे जुनं आणि साधं अ‍ॅप आहे. गूगलच्या काही अभियंत्यांनी ते २००९ मध्ये काढलं, आणि २०१२ मध्ये कंपनीने त्याचा कोड खुला केला. फोन आकाशाकडे धरला की तिथे काय आहे ते दाखवतं. बाकी फार सजावट नाही, आणि मला ते त्याचं भूषण वाटतं. अडचण असते फोनच्या होकायंत्राची. स्लॅबमधलं लोखंड, गच्चीचा कठडा, चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर यांपैकी कशानेही ते सहज दहा-पंधरा अंशांनी बहकतं, आणि मग गुरूच्या जागी रोहिणी दाखवतं. कव्हर काढा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, आणि आधी चंद्रावर किंवा व्याधावर धरून बघा. ओळखीचं जिथल्या तिथे आलं तरच अनोळखी गोष्टीवर विश्वास ठेवा. स्वस्तातल्या काही फोनमध्ये होकायंत्रच नसतं. तिथे पडदा बोटाने सरकवावा लागतो.

डोळ्यांचं नुकसान याहून मोठं. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या पडद्याकडे एकदा बघितलं की ती पुन्हा मोजायची. लाल पडद्याची सोय सगळ्या चांगल्या अ‍ॅपमध्ये असते, तरी उजेड अगदी कमी करावाच लागतो. आमच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत विजेरीला लाल जिलेटिनचा कागद लावायची जुनी पद्धत आहे. ती फोनलाही चालते. पण याहून बरं म्हणजे जेवणाआधी संगणकावर रात्रीची तयारी करायची, चार-पाच गोष्टी कागदावर टिपायच्या, आणि फोन खिशात ठेवून वर जायचं.

एका गोष्टीसाठी फोन हातात हवाच: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. हेवन्स-अबव्ह या फुकट सेवेत आपलं गाव भरलं की ते कधी, कोणत्या दिशेने, किती उंचावरून जाणार हे मिनिटा-सेकंदासह कळतं. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीला फेरी घालणारं हे स्थानक संध्याकाळी किंवा पहाटेच दिसतं, कारण खाली अंधार आणि वर ऊन असं दोन्ही एकदम लागतं. चार-सहा मिनिटांत ते आकाश ओलांडतं, आणि कधी मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरून नाहीसं होतं. शहराच्या उजेडाची त्याला पर्वा नसते. ज्या घरात आकाशाची आवड अजून रुजायची आहे, तिथे पहिली रात्र याचीच ठेवावी.

परदेशातल्या नातवंडांसाठी जागेची तीच खिडकी पुन्हा उघडा. मेलबर्नला ध्रुव कधीच दिसत नाही, अगस्त्य जवळजवळ माथ्यावर येतो, आणि मृग चक्क उलटा उभा राहतो. साताऱ्याच्या आजोबांनी फोनवर ‘मृगाच्या खाली डावीकडे व्याध बघ’ असं सांगितलं तर तिकडचं पोर बुचकळ्यात पडणारच.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. दुर्बीण घेतलेल्या आणि ती संगणकाला जोडू पाहणाऱ्या माणसाला केस्टार्स उपयोगी. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. जुन्या, मंद संगणकावर स्टेलॅरियम अडखळत असेल तर पॅट्रिक शेव्हाले या स्विस गृहस्थांचं कार्त द्यू सिएल हलकं पडतं. दिसायला ते नकाशासारखं कोरडं आहे, पण छापून गच्चीवर न्यायला उत्तम. गाइया उपग्रहाच्या मोजणीवर उभं असलेलं गाइया स्काय देखणं आहे आणि दणकट यंत्र मागतं. स्पेस इंजिन एकेकाळी फुकट होतं, आता विकत आहे. जुन्या याद्यांवर विसंबू नका.

सेलेस्टियाला मात्र दोन ओळी जास्त द्यायला हव्यात. क्रिस लॉरेलने २००१ मध्ये काढलेलं हे सॉफ्टवेअर पृथ्वीवरून आकाश बघत बसत नाही. ते तुम्हाला पृथ्वी सोडून जाऊ देतं. यातल्या ताऱ्यांची अंतरं हिपार्कस उपग्रहाने मोजलेली आहेत, सुमारे एक लाख अठरा हजार ताऱ्यांची. मृगाची रेषाकृती चालू ठेवून सूर्यापासून दूर निघा. व्याध नऊ प्रकाशवर्षांच्याही आत आहे, तो लगेच मागे पडतो. मृगाचे तारे शेकडो प्रकाशवर्षांवर आणि वेगवेगळ्या खोलीवर आहेत, त्यामुळे जसजसे पुढे जाल तसतसा हरीण ताणला जातो, वाकतो आणि शेवटी ओळखू येत नाही. तारकासमूह ही फक्त आपल्या जागेवरून दिसणारी आकृती आहे, हे कितीही फळे खडूने भरले तरी इतकं पटत नाही.

आणि घरात छोटी दुर्बीण असेल तर व्हर्च्युअल मून अ‍ॅटलस घ्या. क्रिस्तियाँ लग्राँ आणि वर उल्लेख केलेले शेव्हाले यांनी २००२ मध्ये ते आणलं. चंद्र बघायला पौर्णिमा सगळ्यांत वाईट. अष्टमीच्या आसपास, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात, आणि त्या रात्री ती सीमा कुठून जाते हे अ‍ॅटलस दाखवतं. ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस पहिल्याच प्रयत्नात सापडेल. साराभाईंच्या नावाचं विवरही चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूला आहे, पण ते जेमतेम आठ किलोमीटरचं, त्यासाठी मोठी दुर्बीण आणि स्थिर हवा लागेल. भाभांच्या नावाचं विवर पलीकडच्या बाजूला आहे. त्यासाठी गच्चीवर जाऊ नका; सेलेस्टिया उघडा आणि चंद्राच्या मागे जा.